बीजगणिताच्या तासाला खेळ कसा घ्यावा: नव्या शिक्षकांसाठी, पायरीपायरीने

जून उजाडतो, नव्या बाईंच्या किंवा सरांच्या हाती सातवी-आठवीचं गणित येतं आणि पहिल्या दोन महिन्यांतच एक गोष्ट लक्षात येते. अंकगणितात बरी चालणारी मुलं अक्षर दिसलं की थबकतात. सरावसंच सोडवून घेतला तर पहिली तीन उदाहरणं मनापासून होतात आणि पुढची शेजारच्या वहीतून उतरतात. सराव तर हवाच, कारण हात बसल्याशिवाय बीजगणित येत नाही. हा सराव खेळातून कसा करून घ्यायचा, ते मी इथे सांगते आहे. मी पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, तास ३५ मिनिटांचा आणि पलीकडच्या वर्गाशी मध्ये पातळ भिंत. तुमचीही परिस्थिती साधारण अशीच असेल, असं धरून लिहिते.

१. आधी खेळाला कसोटी लावा

खेळ निवडताना मी एकच प्रश्न विचारते: बीजगणित न करता मुलाला आपली चाल खेळता येते का? येत असेल तर तो खेळ सरावाच्या कामाचा नाही.

नेहमीची सापशिडी घ्या. फासा टाकायचा, पडले तितकी घरं पुढे जायचं, आणि मध्येच ‘थांब, हे समीकरण सोडव, मग पुढे जा’ असं म्हणायचं. इथे समीकरण टोलनाक्यासारखं वाटेत उभं राहतं. मुलं ते कसंबसं पार करतात, कारण मजा पलीकडे असते. याउलट, किती घरं जायचं तेच एखाद्या राशीची किंमत काढल्यावर कळत असेल, तर गणित केल्याशिवाय सोंगटी हलत नाही. असे खेळ शोधा.

‘आधी हात वर करेल त्याला गुण’ हा प्रकार शक्यतो टाळा. त्यात चार-पाच मुलं खेळतात आणि बाकीची बघत बसतात. ज्यांना सरावाची गरज सगळ्यात जास्त असते, ती त्या बघणाऱ्यांतच असतात. वेगाला बक्षीस दिलं की हळू पण नीट विचार करणारी मुलं मागच्या बाकावर सरकतात. त्यांना पुन्हा पुढे आणायला फार वेळ लागतो.

२. एका तासाला एकच कौशल्य

खेळ हा शिकवण्याला पर्याय नाही. संकल्पना फळ्यावर शिकवून झाली, दोन-चार उदाहरणं मुलांनी स्वतः केली की मग खेळ. बालभारतीच्या पुस्तकांच्या क्रमाने पाहिलं तर ढोबळमानाने असं जमतं:

- सहावी, साधी समीकरणं: काडेपेटी-चिंचोके
- सातवी, बैजिक राशी, सजातीय पदं, राशीची किंमत काढणं: राशींची सापशिडी
- आठवी, एकचल समीकरणं, विस्तार सूत्रं, अवयव: डोमिनो, तंबोला
- नववी-दहावी, दोन चलांतील रेषीय समीकरणं: बाकांचा आलेख

सापशिडी मी दहावीलाही घेते. का, ते पुढे येईलच.

३. साहित्य जमवा

खर्च फार नाही. यादी अशी:

- जुन्या लग्नपत्रिका. जाड कागद, मागची बाजू बहुधा कोरी. वर्गात सांगितलं की आठवड्याभरात ढीग जमतो. कमी पडल्या तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात कार्डशीट मिळते.
- रिकाम्या काडेपेट्या आणि चिंचोके. चिंचोके नसतील तर राजमा चालतो.
- फासे, सोंगट्या, सापशिडीचे पट. चार मुलांत एक संच धरा. घाऊक घ्यायचे तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चौकशी करा.
- जाड टोकाचं मार्कर पेन, रबरबँड, संच ठेवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या.
- प्रत्येक गटाकडे एक वही. ती नसेल तर खेळ सुरूच करायचा नाही.

टाकाऊ वस्तूंतून गणित-विज्ञान कसं उभं राहतं हे बघायचं असेल, तर अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात असताना केलेलं काम जरूर पाहा. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर ते भूमितीच्या आकृत्या उभ्या करून दाखवतात. साहित्य महाग असावं लागतं ही समजूत ते बघून पार जाते.

कागदोपत्री तीन गोष्टी आधीच करून ठेवा. टाचणात खेळाचं नाव लिहिण्याऐवजी उद्दिष्ट लिहा: ‘दिलेल्या किमतीसाठी बैजिक राशीची किंमत काढणे’. आठवीपर्यंतच्या वर्गांना आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, तिथे हा उपक्रम म्हणून नोंदवता येतो. आणि मुख्याध्यापकांना व शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आदल्या दिवशी कल्पना द्या.

४. पहिला खेळ: काडेपेटी आणि चिंचोके

सुरुवात इथून करा, नियम अगदी थोडे आहेत.

बाकाच्या मधोमध खडूने रेघ मारा. डावीकडे तीन काडेपेट्या आणि दोन सुटे चिंचोके, उजवीकडे एक काडेपेटी आणि आठ सुटे चिंचोके. प्रत्येक पेटीत सारखेच चिंचोके आहेत आणि दोन्ही बाजूंची एकूण संख्या सारखी आहे, एवढं सांगायचं. एका पेटीत किती?

मुलं दोन्हीकडून दोन-दोन सुटे चिंचोके उचलतात, मग दोन्हीकडून एक-एक पेटी. डावीकडे दोन पेट्या उरतात, उजवीकडे सहा चिंचोके. म्हणजे एका पेटीत तीन. प्रत्येक कृतीनंतर वहीत ओळ लिहायची:

३क्ष + २ = क्ष + ८
३क्ष = क्ष + ६
२क्ष = ६
क्ष = ३

ओळ लिहिल्याशिवाय पुढचा चिंचोका उचलायचा नाही, आणि पेटी अगदी शेवटी, ताळा म्हणून उघडायची. काही मुलं पेटी कानाशी हलवून अंदाज घेतात. रागवू नका, गुण मात्र वहीतल्या ओळींना द्या.

दुसऱ्या फेरीत एका जोडीने कोडं तयार करायचं आणि दुसरीने सोडवायचं. खरी कसोटी इथे लागते. प्रत्येक पेटीत चार ठेवले, डावीकडे दोन पेट्या आणि तीन सुटे, म्हणजे एकूण ११. मग उजवीकडे एक पेटी ठेवली तर सुटे किती ठेवायचे? सात. कोडं रचणाऱ्या मुलाला दोन्ही बाजू समान म्हणजे काय, ते आतून कळतं. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे घोकलेलं वाक्य त्यानंतर त्याला फारसं लागत नाही.

इथे दोन ठिकाणी सावध राहा. क्ष म्हणजे पेटी, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. क्ष म्हणजे एका पेटीतल्या चिंचोक्यांची *संख्या*. हा फरक सुटला की पुढे ‘३अ म्हणजे तीन आंबे’ अशी समजूत घट्ट होते, आणि अ × ब आलं की आंबे गुणिले बोरं म्हणजे काय या प्रश्नाला उत्तर उरत नाही. दुसरं म्हणजे, हा खेळ ऋण संख्यांसाठी ताणू नका. पेटीत उणे दोन चिंचोके ठेवता येत नाहीत. तिथे पेट्या बाजूला ठेवून सरळ वहीवर या.

दोन अज्ञात राशींसाठी दोन रंगांच्या पेट्या करता येतात. भास्कराचार्य १२ व्या शतकात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांचीच नावं देत आणि त्यांची पहिली अक्षरं लिहून समीकरणं मांडत. काळी आणि निळी पेटी ठेवताना हे वर्गात सांगा, मुलांना फार आवडतं.

५. राशींची सापशिडी

माझ्या मते बीजगणिताच्या सरावासाठी यापेक्षा चांगला खेळ नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चार मुलांचा गट, एक पट, एक फासा आणि चार कार्डं:

२न − ५
१० − न
न² − १०
३(न − २)

न म्हणजे फाशावर पडलेली संख्या. फासा टाकायचा, चार कार्डांपैकी एक निवडायचं, किंमत काढायची आणि तितकी घरं जायचं. किंमत ऋण आली तर मागे. म्हणूनच सोंगट्या १ वर न ठेवता २० व्या घरावर ठेवून सुरुवात करा. १ च्या मागे जायची वेळ आली तर १ वरच थांबायचं.

फाशावर ३ पडले तर कार्डांच्या किमती अनुक्रमे १, ७, −१ आणि ३ येतात. शहाणं मूल १० − न उचलतं. ५ पडले तर ५, ५, १५ आणि ९. आता न² − १० फायद्याचं. म्हणजे चांगली चाल खेळायची तर चारही किमती काढून बघाव्या लागतात. पुढे साप असेल तर सगळ्यात मोठी किंमतही नको असते. एका चालीत चार उदाहरणं होतात, आणि ‘चार उदाहरणं सोडवा’ असं कुणी सांगितलेलं नसतं.

तपासायचं काम प्रतिस्पर्ध्यांचं. किंमत चुकली आणि समोरच्याने पकडली, तर ती चाल पकडणाऱ्याला मिळते. या एका नियमाने सगळा गट प्रत्येक चालीला जागा राहतो, आणि पन्नास मुलांची गणितं तुम्हाला एकट्याला तपासत फिरावं लागत नाही.

सर्वांत जास्त पकडल्या जाणाऱ्या चुका दोन. न² म्हणजे २ × न असं धरणं: ३ पडले की ९ ऐवजी ६. आणि कंसाबाहेरच्या ३ ने फक्त पहिल्या पदाला गुणणं: ४ पडले की ३(४ − २) चे ६ यायला हवेत, तिथे १२ − २ म्हणजे १० घरं सोंगटी पळते. मी या चुका खेळ चालू असताना सुधारत नाही. कोपऱ्यात लिहून ठेवते, त्या नंतर लागतात.

दुसऱ्या दिवशी एक नियम बदला: आधी कार्ड निवडायचं, मग फासा टाकायचा. आता मुलांना आकडा माहीत नसतो, त्यामुळे राशीचा एकूण स्वभाव बघावा लागतो. १० − न कधीच मागे नेत नाही. कमीत कमी ४, जास्तीत जास्त ९. न² − १० तर २६ घरं उडी मारून देते, पण १ पडला की ९ घरं मागे ओढते. १०० जवळ आलं की कुठलं कार्ड धरायचं यावर मुलं वाद घालतात. तो वाद तोडू नका. चल बदललं की राशी कशी बदलते, याची समज तिथेच तयार होते.

दहावीसाठी हाच पट आणखी खोल जातो. ४ पडले की १० − न, न² − १० आणि ३(न − २) या तिन्हींची किंमत ६ येते. मुलांच्या हे लक्षात आलं की विचारा: १० − न आणि न² − १० यांची किंमत आणखी कुठे समान येते का? समीकरण मांडलं की न² + न − २० = ० मिळतं, अवयव (न + ५)(न − ४), म्हणजे न = ४ किंवा न = −५. उणे पाच फाशावर नाही, तरी ठेवून बघा: दोन्हीकडे १५. वर्गसमीकरणाला दोन मुळं का असतात हे मुलांनी पाठ केलेलं असतं. इथे दुसरं मूळ फाशाच्या बाहेर का होईना, हाताला लागतं.

६. समीकरणांचे डोमिनो

पत्त्याएवढं कार्ड, मधोमध उभी रेघ. उजव्या अर्ध्यात समीकरण, डाव्या अर्ध्यात *दुसऱ्याच* कुठल्या तरी समीकरणाची उकल. समीकरण सोडवायचं, त्याची उकल ज्या कार्डाच्या डावीकडे असेल ते पुढे लावायचं. बारा कार्डांची साखळी शेवटी पहिल्या कार्डाला येऊन मिळाली तर बहुतेक सगळं बरोबर आहे, उत्तरपत्रिका लागत नाही.

कार्डं तयार करताना आधी बारा समीकरणं आणि त्यांच्या उकली एका कागदावर क्रमाने लिहा. एकही उकल दोनदा येता कामा नये, नाहीतर साखळी मध्येच बंद होते आणि मुलं गोंधळतात. नेहमीच्या चुकीतून येणारी उत्तरंही मुद्दाम दुसऱ्या कार्डांवर असू द्या. २क्ष + ६ = १० ची उकल २; पण ६ ची बेरीज केली तर ८ येतात. कुठल्या तरी कार्डावर ८ असला की चुकलेला गट थोडं पुढे जाऊन अडतो आणि चूक शोधत स्वतःच मागे येतो. आठवीला हेच डोमिनो अवयवांसाठी करा: उजवीकडे क्ष² + ५क्ष + ६, पुढच्या कार्डावर डावीकडे (क्ष + २)(क्ष + ३).

प्रत्येक संचाच्या कार्डांमागे वेगळी खूण करा. दोन संच एकदा मिसळले की निवडत बसण्यात अर्धा तास जातो.

७. तंबोला

सगळ्या वर्गाला एकत्र घ्यायचं असेल तेव्हा हा सोपा. मुलांनी वहीत नऊ घरांची चौकट आखून −१० ते १० मधल्या कुठल्याही नऊ वेगवेगळ्या संख्या भरायच्या. तुमच्याकडे २१ समीकरणं, प्रत्येक उकल एकदाच. चिठ्ठी काढून समीकरण फळ्यावर लिहा, उकल मोठ्याने सांगू नका आणि मुलांनाही सांगू देऊ नका. ओळ झाल्याचं सांगणाऱ्याने ती तीनही समीकरणं फळ्यावर ताळा करून दाखवायची. बक्षिसाची गरज पडत नाही.

८. बाकांचा आलेख

साहित्य काहीच लागत नाही. डावीकडून रांग मोजली की क्ष, फळ्याकडून मागे मोजलं की य. एका बाकावर दोघं बसत असतील तर दोघांच्या रांगा वेगळ्या धरा. प्रत्येकाने आपला निर्देशक वहीत लिहायचा, क्रमाने: (४, २) आणि (२, ४) ही दोन वेगळी मुलं आहेत.

आता म्हणा, ‘ज्यांचं क्ष + य = ६ असेल ते उभे राहा.’ वर्गात तिरकी सरळ रेघ उभी राहते, आणि ती बघून मुलांना नवल वाटतं. त्यांना बसवून पुढचं: क्ष − य = २. दोन्ही वेळा उभं राहिलं ते एकच मूल, (४, २) वरचं. दोन समीकरणांची उकल म्हणजे ते मूल.

मग क्ष + य = ५ आणि क्ष − य = २ द्या. दोन्ही वेळा उभं राहिलेलं कुणीच सापडत नाही. उकल नाही का? वहीत सोडवलं की (३.५, १.५) येतं, म्हणजे दोन रांगांच्या आणि दोन बाकांच्या मध्ये. रेघा छेदतात, पण जिथे छेदतात तिथे कुणी बसलेलं नाही. शाळेच्या आवारात शहाबादी फरशी असेल तर हाच खेळ तिथे आणखी छान होतो. रेघांच्या छेदांवर उभं राहायचं, आणि या उकलीसाठी एका मुलाला फरशीच्या मधोमध उभं करता येतं.

९. तासाची आखणी

३५ मिनिटांत नियम सांगायला पाच, खेळाला वीस आणि वहीला दहा. शेवटची दहा मिनिटं कापू नका. खेळ रंगात आला की मुलं ‘बाई, अजून थोडं’ म्हणतात, तरी थांबवा.

गट आदल्या दिवशी ठरवा आणि फळ्यावर लिहून ठेवा. प्रत्येक गटात एक लिहिणारा आणि एक तपासणारा, आणि फेरी बदलली की कामं बदलायची. आवाज होणारच. शेजारच्या वर्गाची चाचणी असेल त्या दिवशी डोमिनो घ्या, तो सगळ्यात शांत.

वहीच्या दहा मिनिटांत, खेळताना टिपलेल्या तीन-चार चुका नाव न घेता फळ्यावर लिहा आणि वर्गाला पकडू द्या. (अ + ब)² = अ² + ब² ही दर वर्षी येते. अ = ३, ब = ४ ठेवायला सांगा: एकीकडे ४९, दुसरीकडे २५. राहिलेले २४ कुठे गेले, ते चौरस कागद घडी घालून दाखवा. ३ × ४ चे दोन आयत निघतात. चुकीचा मालक वर्गात बसलेला असतो, त्याला ते माहीत असतं, आणि नाव न आल्यामुळे तो पुढच्या वेळी निर्धास्त खेळतो.

पालकसभेत ‘गणिताच्या तासाला खेळतात म्हणे’ असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा गटाची वही दाखवा. एका तासाच्या सापशिडीत किती राशींच्या किमती काढल्या गेल्या, हे पालक स्वतः मोजू शकतात.

१०. पुढच्या वर्षीची कार्डं मुलांकडून

घटक चाचणी झाली की आठवीच्या मुलांना, पुढच्या वर्षी आठवीत येणाऱ्या सातवीसाठी डोमिनोची कार्डं करायला द्या. नेहमीच्या चुकीतून कोणतं उत्तर येईल, हे त्यांना आधी शोधावं लागतं. कार्डावर मार्करने उतरवण्याआधी प्रत्येक समीकरण दोन वेगळ्या मुलांनी सोडवलेलं असावं आणि त्यांची उत्तरं जुळलेली असावीत. संच पिशवीत घालताना आत एक चिठ्ठी ठेवा: इयत्ता, कौशल्य, कार्डांची संख्या आणि उकलींची यादी. वर्षाखेरीस कार्डं मोजूनच कपाटात ठेवा, कारण बारातलं एक हरवलं तरी साखळी पुरी होत नाही.